हात लावल्यास बाद

९ जानेवारी

दादा,

नमस्कार लिहिणार होते, पण तू तो घेणार नाहीस, मग शाई कशाला वाया घालवू. थेट मुद्द्यावर येते. फोन तू उचलत नाहीस. मेसेज बघून न बघितल्यासारखं करतोस. म्हणून पत्र. पत्र फाडायचं झालं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

वहिनीने सांगितलंच आहे, तरी माझ्या तोंडून ऐक. येत्या ऑक्टोबरात मी एका स्पर्धेत उतरते आहे. तळ्यात जवळजवळ चार किलोमीटर पोहायचं, मग एकशे ऐंशी किलोमीटर सायकल चालवायची आणि त्यानंतर, पाय जागेवर असतील तर, अख्खी मॅरेथॉन धावायची. सगळं एकाच दिवसात. रात्री ठरलेल्या वेळेच्या आत पोचलं नाही तर गाडीत घालून परत आणतात.

वहिनी म्हणाली, हे ऐकून तू म्हणालास, "जिला चष्म्याशिवाय न्हाणीघराचं दार सापडत नाही, ती तळ्यात पोहणार. काही झालं तर मला बोलवू नका."

वाक्य ओळखीचं वाटलं. दोन वर्षांपूर्वी आपल्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, तू हेच म्हणाला होतास, फक्त शेपूट वेगळं होतं. "जिला चष्म्याशिवाय दार सापडत नाही, ती लोकांचे डोळे काय तपासणार."

काय मागितलं होतं मी? आठवड्यातले दोन दिवस तपासणीची खुर्ची. उमेदीची सगळी वर्षं मी मागच्या खोलीत उभी राहून काचा घासल्या आणि फ्रेममध्ये बसवल्या. पुढे तू डोळे तपासायचास, मागे मी चष्मे करायचे, आणि बाबांच्या दुकानाचं नाव चालायचं. मग संध्याकाळच्या वर्गांना जाऊन, माझ्या निम्म्या वयाच्या पोरींच्या बाकावर बसून परीक्षा दिली. पास झाले. मला तुझे पेढे नको होते, दोन दिवस हवे होते. ते तू दिले नाहीस. मी ॲप्रन काढून खुंटीला अडकवला आणि निघाले.

आता इथल्या दुकानात तपासते. माणूस समोर बसतो, मी काच बदलून विचारते, "हे बरं की आधीचं बरं?" अजून एकानेही मी काढलेल्या नंबरचा चष्मा आणून माझ्या टेबलावर आपटलेला नाही.

तेव्हा बोलवणार नाही तुला. निश्चिंत राहा.

तुझी बहीण, तुला पटो न पटो,
भिंगरी

१७ एप्रिल

दादा,

तुझं उत्तर आलं नाही म्हणजे माझं पत्र पोचलं. वहिनी म्हणते, तूच तिला वाचून दाखवायला सांगितलंस. स्वतः का वाचत नाहीस? ओळ चुकते म्हणे, एका ओळीवरून भलत्याच ओळीवर जातोस. माझी पत्रं वाचताना माणसाचं डोकं फिरत असणार, हे मला मान्य आहे.

मला पोहता येतं आता. मागच्या वर्षी येत नव्हतं. शिकवणारी बाई माझ्याचकडे चष्मा करायला आली होती, खांदे असे की फ्रेमपेक्षा तेच आधी दिसावेत. मी तिला म्हटलं, मला पाण्याची भीती नाही, मला पाण्यात चष्मा नसण्याची भीती आहे. ती म्हणाली, "पाण्याखाली सगळेच आंधळे असतात हो. तुम्हाला तर सवय आहे."

असं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तलावात उतरले, चष्मा काठावर ठेवला, जग विरघळलं आणि नेहमीप्रमाणे मी काठ घट्ट धरला. मग बघितलं तर शेजारच्या रांगेतला धडधाकट माणूसही भिंतीवर डोकं आपटून घेत होता. इतकं बरं वाटलं की विचारू नकोस.

आता पोहण्याचा गॉगल मीच केलाय. बाजारातला साधा घ्यायचा आणि आतून माझ्या नंबराच्या काचा घासून चिकटवायच्या. उजव्याला नऊ, डाव्याला साडेपाच, विसरला नसशील. या हातांना तेवढं येतं.

काल पोहताना एक आठवलं. मला चष्मा लागला तो आठव्या वर्षी. तोवर कुणाला कळलंच नव्हतं, सगळ्यांना वाटायचं पोरगी वेंधळी आहे. तुला मात्र कळलं होतं. तू मला शाळेत हाताला धरून न्यायचास आणि तोंडाने काही बोलायचा नाहीस, कारण पोरं हसतील. पायरी वर असेल तर माझा हात एकदा दाबायचास. खाली असेल तर दोनदा. कुणाला पत्ता लागला नाही. चाळिशीपर्यंत मी पायरी दिसली की मनातल्या मनात हात दाबला जायची वाट बघायचे.

त्यासाठी मी तुझी आयुष्यभर ऋणी आहे. पण त्याबद्दल आयुष्यभर मागच्या खोलीत राहायचं, हे काही कबूल केलेलं नव्हतं.

भिंगरी

२ सप्टेंबर

दादा,

वहिनीशी बोलले. स्कूटर विकलीस म्हणे, गुडघा दुखतो म्हणून. आणि टेबलाचा कोपरा लागून मांडी काळीनिळी झाली आहे. वहिनी म्हणते, घरातलं सामान कुणी हलवलं की तू हल्ली खेकसतोस. तू पूर्वीही खेकसायचास, त्यामुळे मला विशेष काळजी वाटली नाही. गुडघ्याला शेक दे.

माझं म्हणशील तर अंगाचा एकही सांधा दुखायचा राहिलेला नाही. पहाटे सायकल, मग दुकान, संध्याकाळी तलाव नाहीतर पळणं. कधी कधी गिऱ्हाइकाला "हे बरं की आधीचं बरं" विचारताना मलाच डुलकी लागते. परवा गल्लीतल्या एका काकांनी अडवून विचारलं, "एवढं कशासाठी पळताय, घरी भांडण झालं का?" मी म्हटलं, "हो. दोन वर्षांपूर्वी." बिचारे बाजूला झाले.

आता मुद्द्याचं. स्पर्धेचे नियम आलेत. त्यातला एक मला इतका आवडला की तुला कळवल्याशिवाय राहवेना. स्पर्धेची नेमलेली माणसं सोडून बाहेरच्या कुणाचीही मदत घ्यायची नाही. कुणी हाताला धरलं, पाणी दिलं, सायकल उचलून दिली, की स्पर्धक बाद. नवरा असो, आई असो, भाऊ असो. हात लावल्यास बाद.

आयुष्यात पहिल्यांदा असा दिवस येतोय की माझा हात धरणाऱ्याला पंच हाकलून देईल. मला हा एक दिवस हवाय, दादा. नंबरात यायचं नाहीये. सकाळी पाण्यात उतरायचं आणि रात्री त्या कमानीखालून आपल्या पायांनी यायचं, मध्ये कुणाचाही हात नको. एवढंच जमलं की बास.

वहिनीला हे शांतपणे वाचून दाखवू दे. मध्येच उठून जाऊ नकोस.

भिंगरी

२० ऑक्टोबर

दादा,

परवा स्पर्धा. उद्या सकाळी निघते. नेहमीच्या गॉगलचा पट्टा जरा सैल झालाय, म्हणून आज दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळेत घाईघाईने दुसरा केला. घालून बघायला वेळ झाला नाही, पण हाताखालून इतके गेलेत की बघायची गरज नाही.

भीती वाटते आहे. तुला सांगते, कारण तू उत्तर देणार नाहीस. पण माघार घेणार नाही, तेवढं नक्की.

भिंगरी

२६ ऑक्टोबर

दादा,

वहिनीचा फोन आला. तू म्हणतोस, मी चारचौघांत तुझा हात झिडकारला आणि तुझं हसं केलं. झिडकारला, खरं आहे. हे माफीचं पत्र नाही, तेव्हा त्यात माफी शोधत बसू नकोस. काय झालं ते नीट ऐक, आणि वहिनी, तुला या पत्रातला एकही शब्द गाळायचा नाही. सप्टेंबरच्या पत्रातला नियम तू गाळलास, हे तू कबूल केलं आहेस. "त्याला लागेल असं काही मी वाचतच नाही," म्हणालीस. तुझ्या या चांगुलपणामुळेच रामायण झालं.

सकाळी तळ्याकाठी नेहमीचा गॉगल ओढला आणि पट्टा तुटून हातात आला. हरकत नाही, दुसरा होता. तो घातला. आणि दादा, डोक्यात चक्कर. उजव्या डोळ्याला नुसतं धुकं, डाव्याला सगळं बारीक होऊन लांब पळालेलं. काठावरची माणसं तिरकी उभी. मला वाटलं, भीतीनेच असं होतंय.

मग कळलं आणि तिथल्या तिथे स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटली. तू हे ऐकून हसशील, कारण ही चूक फक्त आपल्या घरातला माणूसच करू शकतो. इतकी वर्षं आपण चष्मा समोरून बघत आलो. फ्रेम आपल्याकडे तोंड करून असते, त्यामुळे गिऱ्हाइकाचा उजवा डोळा तो आपल्या डाव्या हाताला. हा गॉगल मी आतून भरत होते, डोळ्यांच्या बाजूने. तिथे उजवा तो उजवाच. पण हाताला सवय समोरची. नऊ गेला डावीकडे, साडेपाच उजवीकडे. जन्मभर इतके चष्मे समोर धरले की स्वतःचं तोंड कुठल्या बाजूला आहे तेच विसरले.

सगळ्या बायकांना एकाच नारिंगी रंगाच्या टोप्या दिल्या होत्या, आणि त्या सगळ्या पाण्याकडे चालू लागल्या होत्या. रडायला वेळ नव्हता. मी गॉगल काढला, खालची बाजू वर केली आणि तसाच उलटा घातला. नऊ उजव्याला आला, साडेपाच डाव्याला. जग जागच्या जागी आलं. नाकाचा खोलगटपणा कपाळाकडे गेल्यामुळे नाकापाशी टोचत होतं आणि पाणीही झिरपणार होतं, पण दिसत होतं.

तळ्याच्या मध्यावर होडीतून एक माणूस ओरडला, "बाई, चष्मा उलटा घातलाय तुम्ही."

मी म्हटलं, "असू दे, दिसतंय सुलट."

एवढं बोलताना अर्धं तळं पोटात गेलं. पुढे उजव्या बाजूला पाणी भरलं, म्हणून दर थोड्या वेळाने उताणी होऊन ते काढायचं आणि पुन्हा वळायचं. लोकांचे पाय तोंडावर बसले. एका बाईने माझ्या पाठीवरूनच रस्ता काढला. पण मी एकाही होडीला हात लावला नाही. पायाखाली वाळू लागली तेव्हा कमरेपर्यंतच्या पाण्यात उभी राहून मी मोठ्याने हसले.

आणि समोर तू.

मला माहीत नव्हतं तू येणार आहेस. तुझा तो राखाडी शर्ट, आणि तू गुडघाभर पाण्यात, बुटांसकट. हात पुढे केला होतास आणि ओरडत होतास, "भिंगरे, इकडे, हात दे." दोन वर्षांनी तुझ्या तोंडून ते नाव ऐकलं. एक क्षण असं वाटलं की खड्ड्यात गेली स्पर्धा.

पण तुझा हात माझ्याकडे नव्हता, दादा. तो माझ्या पुढच्या बाईकडे होता. ती माझ्यापेक्षा वीतभर उंच आणि निम्म्या वयाची, टोपी तेवढी सारखी. ती दचकून बाजूला झाली. मी तुझ्या डाव्या कोपराजवळ उभी होते. इतकी जवळ की तुझा शर्ट भिजलेला मला दिसत होता, मलाही, उलट्या चष्म्यातून. आणि तुला मी दिसले नाही.

मी म्हटलं, "दादा, मी इथे आहे." तू वळलास. नुसते डोळे वळवले नाहीस, अख्खी मान वळवलीस, आणि मग खांदे, अंधारात बॅटरी फिरवावी तसा. मी सापडले तेव्हा झटकन हात पुढे केलास. तेव्हा मी ओरडले, "हात मागे घे. लावू नकोस." तरी तो आला, म्हणून मी तो बाजूला सारला. पंच दहा पावलांवर होता. लोक हसले, खरं आहे. कशाला हसले त्यांना ठाऊक. तू मागे न बघता निघून गेलास आणि जाताना दोरी बांधलेल्या खुंटाला धडकलास. तेही मी पाहिलं.

मग मी सायकलवर बसले. तुझ्यामागे धावत आले नाही. त्याचंही मला वाईट वाटत नाही, कारण मी थांबले असते तर तुझ्यासाठी थांबल्याचं आयुष्यभर तुला ऐकवलं असतं.

सायकलवर माणसाला विचार करायला भरपूर वेळ मिळतो. समोरून वारा, पाठीला कळ, आणि डोक्यात तुझी ती वळणारी मान. चढ आला की गुडघा आठवायचा, तुझा, माझा नाही. गुडघा कुठला, दादा. स्कूटर विकलीस कारण बाजूने येणारी गाडी दिसत नव्हती. टेबलाचा कोपरा दिसत नव्हता. ओळ संपून पुढची ओळ कुठे सुरू होते ते दिसत नव्हतं. समोरच्या पाटीवरचं सगळ्यात बारीक अक्षर तू अजूनही वाचत असशील, म्हणून कुणाला कळलं नाही. वहिनीने एकेक गोष्ट मला सांगितली आणि मी डोळे तपासणारी बाई "शेक दे" लिहून मोकळी झाले, कारण मला तुझा राग आला होता.

बाबांचंही असंच झालं होतं. कडेकडेने गेले डोळे. मधलं दिसत होतं म्हणून ते कुणाला बोलले नाहीत, आणि बोलले तेव्हा भिंत धरून चालायची वेळ आली होती. काचबिंदू घराण्यात उतरतो, हे तू मला शिकवलंस. गिऱ्हाइकांना विचारायचास ना, "घरात कुणाला होता का?" स्वतःला विचारलंस कधी?

धावण्याचं थोडक्यात सांगते, कारण धावण्यासारखं त्यात फार नव्हतं. निम्म्याच्या पुढे मी चालतच होते. दिवे लागले, पोट उलटं झालं, बुटात काहीतरी ओलं झालं ते काय हे बघितलं नाही. मागून ती उचलून नेणारी गाडी आली. आतली बाई प्रेमाने म्हणाली, "बसा ताई, खूप झालं आता." मी म्हटलं, "खूप झालं की नाही ते माझं मी बघते. तुम्ही जरा दिवे बाजूला घ्या, डोळ्यावर येतात." ती हळूहळू माझ्यामागून येत राहिली आणि मी तिच्यावरच्या रागात शेवटचा रस्ता कापला.

वेळेच्या आत आले. शेवटून चौथी. म्हणजे माझ्या मागे तिघं होते, हे लक्षात घे. कमानीखालून जाताना दोन्ही हात वर केले, दोन्ही मोकळे. तो दिवस मला हवा होता आणि तो मी घेतला. त्याची वाटणी कुणाला नाही, तुलाही नाही.

पण आता स्पर्धा संपली आहे, आणि मी तुला सांगते आहे, विनंती करत नाही. येत्या गुरुवारी सकाळी अकराला मी माझी खुर्ची तुझ्यासाठी रिकामी ठेवली आहे. हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडे बघायचं, कडेला उजेड चमकला की बटण दाबायचं. त्या यंत्राला फसवता येत नाही, म्हणून तर तू आपल्या दुकानातल्या यंत्रापुढे कधी बसत नाहीस. इथून मी तुला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन जाणार. गेलं ते परत येणार नाही, हे तुलाही माहीत आहे. उरलंय ते थेंब घालून राखता येतं. उरलंय अजून पुष्कळ. दुसऱ्याच बाईला का होईना, तू हात नेमका दिला होतास.

एकदा आपल्या दुकानातल्या तपासणीच्या खुर्चीत दुसरं कुणी बसलं की आपल्याला उठवतील, याची भीती होती का रे तुला? आधी बोलला असतास तर दोघं मिळून काहीतरी केलं असतं. भांडलो असतो, पण केलं असतं.

तू आला नाहीस तर मी यंत्र उचलून तुझ्या दारात आणीन. चार किलोमीटर पोहून आले आहे, हे पोकळ बोलणं समजू नकोस.

भिंगरी

३१ ऑक्टोबर

दादा,

वहिनीचा निरोप मिळाला. येतोस, पण अटीवर. रिक्षातून एकटा उतरणार, दुकानापर्यंत एकटा चालणार, कुणी हाताला धरायचं नाही. "तिला एक दिवस हवा होता ना, मग मलाही हवा," असं म्हणालास म्हणे. वहिनीने या वेळी काही गाळलं नाही, तिचे आभार मान.

मान्य. तुझा दिवस, तुझे नियम. रिक्षापासून दारापर्यंत मी एक शब्द बोलणार नाही.

फक्त एक सांगून ठेवते. दाराला तीन पायऱ्या आहेत आणि त्यांचा रंग फरशीसारखाच आहे. कडा मलासुद्धा पटकन दिसत नाहीत. मी पहिल्या पायरीवर उभी राहीन, तुझ्या डाव्या बाजूला नाही, अगदी समोर. हात पुढे केलेला असेल. धरायचा की झिडकारायचा ते तू ठरव. झिडकारलास तर मी रागावणार नाही, तो हक्क तुझा आहे.

धरलास, तर मी तोंडाने काही बोलणार नाही. एकदा दाबलं की वर.

भिंगरी